रहाटाघर, सहाची गाडी

मुंबईच्या गाडीनं सव्वाचारला वरच्या स्टँडवर उतरवलं.
पूर्णगडची गाडी खालून सुटते, रहाटाघरातून, सहाला.
मधे पावणेदोन तास
आणि एक उतार.

काल, की परवा, घड्याळ अजून लावलेलं नाही,
दुबईला असेच तीन तास होते.
पिरियसला जहाज सोडलं, अकरा महिन्यांचा भटारखाना दुसऱ्याच्या हाती दिला,
आणि सी मध्ये बसलो, गेटच्या आकड्यासमोर,
आकडा पळून जाईल म्हणून.
रुकय्या फुफीचा निरोप पुन्हा ऐकला:
पंचवीस सेकंद नुसती शिलाई मशीन, मग ती,
"मुनाफ, ती टेप आन बाबा, बटन दाबलं की सवताच आत जानारी.
माझी कापडाची. पन्ना मोजला की कमीच भरतो.
त्या पावसच्या दुकानदारानं तीन वर्सं लुटलंय मला."

बारीकसारीक वस्तू ए मध्ये मिळतात, एका पोऱ्यानं सांगितलं.
मधे बिनड्रायव्हरची गाडी, चार मिनिटं.
गेलो.
सोनं होतं. खजूर होते, उंटाच्या आकाराचं चॉकलेट होतं.
टेपेला काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना,
म्हणून काउंटरवर अंगठा दाबला आणि तोंडानं केलं: सर्रर्र.
मुलीनं लिपस्टिक दाखवली.
मी पुन्हा सर्रर्र.
तिनं चार्जर काढला, आपोआप गुंडाळणाऱ्या वायरीचा.
यानं छातीचं माप घेता येईल का, असं मी विचारलं
(इंग्रजीत ते फार वाईट ऐकू आलं)
आणि माझ्या विमानाची शेवटची हाक झाली.

आता उतार.
बॅगेची चाकं फरशीसाठी बनवलेली,
रत्नागिरीच्या रस्त्यावर ती प्रत्येक खड्याशी बोलत चालली होती.
एका रिक्षावाल्यानं वेग कमी केला, बॅगेकडं बघितलं,
माझ्याकडं बघितलं, आणि दर मनातच वाढवला.
चालतच गेलो.

रहाटाघरात शिवगण वहिनींचं दुकान म्हणजे एक दार आणि त्याला खिळे.
खिळ्यांना छत्र्या, नेलकटर, मोबाइलची कव्हरं,
देवाच्या वाती, उंदराचं औषध,
आणि कव्हरांच्या मागं हिरवी, गोल, गोगलगाईएवढी
ती.
मी अजून तोंड उघडलं नव्हतं.
वहिनींनी जीभ बाहेर ओढली, बटण दाबलं,
सर्रर्र.
अगदी मी केला होता तसाच आवाज.
"पस्तीस."

बॅगेच्या मुठीला विमानाची चिठ्ठी लोंबत होती, ती त्यांनी वाचली.
"थंय नाय गावली?"
"तिकडं सगळं मोठं होतं, वहिनी."
त्यांनी मान हलवली, जशी मोठ्या गोष्टींवर हलवतात,
आणि सुट्टे नाहीत म्हणून वर एक नेलकटर दिलं.

बाकावर बसून किमतीचा कागद नखानं खरवडू लागलो.
फुफीला म्हणायचं, दुबईची.
पाच निघाला. तीन निघेना.
खाली बारीक ठशात दुसऱ्याच देशाचं नाव,
म्हणजे ही माझ्याहून लांबून आलेली,
कोण जाणे, माझ्याच जहाजाच्या पोटातून,
मी वर कांदा परतत असताना.
तीन तसाच ठेवला.

सहाची गाडी सहा वीसला लागली.
भाट्याच्या पुलावर खाडी दोन्ही बाजूंनी उघडी,
शेजारच्या पोरानं टेप मागितली,
आपला पाय मोजला, बापाचं नाक मोजलं,
मग खिडकीबाहेर धरून पाणी मोजायला निघाला तेव्हा मी परत घेतली.

आणि तेव्हा कुठं सुचलं:
फुफी घरात पहिलं काम करणार ते म्हणजे
जुनी टेप नव्या टेपेशेजारी अंथरणार.
ओढून ओढून चार बोटं वाढलेली ती जुनी.
तीन वर्षांच्या शिव्या, भर दुकानात दिलेल्या.

पावस आलं. त्या माणसाचं शटर अर्धं खाली होतं,
आत दिवा. कापडाच्या ठाणांमागं तो
काहीतरी मोजत होता, हातानं, वीत वीत करून.
कंडक्टरनं घंटी दिली.
मी बटण दाबत राहिलो.