रकाना

मिसेस डेलाफील्ड म्हणाल्या, पान एकसष्ट काढा.
पंख्याची एक पाती वाकडी आहे, दर फेरीला
टक्क करते. आम्ही सत्तावीस जण
ओझेल ब्रॅडिक्सच्या एकोणीसशे एकावन्नमध्ये शिरतो.
अलाबामा तेच. उकाडाही तोच.

ती आठ वर्षांची आहे.
ट्रकमधून पोत्यांसारखी उतरवलेली भूगोलाची पुस्तकं,
रुळांपलीकडच्या गोऱ्या शाळेने टाकलेली.
उष्टी, तिची आई म्हणाली,
ताटातलं उष्टं आपण कोंबड्यांना घालतो,
हे तुम्हांला वाचायला धाडलंय.
तरी कव्हर तिनेच घातलं,
मैद्याची खळ लावून, कडा नखाने दाबत,
रात्री कंदिलाशी.

पुठ्ठ्याच्या आत एक रकाना:
पुस्तक कोणाचं, वर्ष कोणतं, स्थिती कशी.
पाच ओळी, पाचही भरलेल्या.
ओझेल लिहिते:
नवीन, चांगली, चांगली, बरी, खराब.
खराबच्या खाली मी.

मोठ्याने वाचायची पाळी कोल्बीची होती.
तो भरभर वाचतो, स्वल्पविराम गिळत,
बेसबॉलच्या सरावाला उशीर झाल्यासारखा.
पहिलं नाव. दुसरं. तिसरं.
चौथ्यावर अडला.
विनिफ्रेड स्ट्रिकलँड. स्थिती: बरी.

टक्क.
कोणी वळून बघितलं नाही,
म्हणजे सगळ्यांनीच बघितलं.
विनिफ्रेड म्हणजे त्याची आजी.
चर्चच्या बाजारात पीचचा मुरंबा विकते,
सुटे पैसे मोजताना हात थरथरतात,
मला दर वेळी एक बाटली जास्त देते
आणि मी थँक्यू मॅम म्हणते.
तेव्हा ती नऊ वर्षांची असेल.
तिने फक्त नाव लिहिलं होतं.
एवढंच केलं होतं.
एवढं केलं होतं.

कोल्बीचे कान लाल झाले.
मग त्याने ती ओळ पुन्हा वाचली, हळू,
आणि मला त्याचा राग आला.
हळू वाचून काय होतं?
मग राग आला याचाच राग आला,
आणि तास संपल्याची घंटा झाली.

संध्याकाळी आजोबांचे भाऊ रूबेन
सलूनमध्ये शेवटचं गिऱ्हाईक उरकत होते.
पुस्तकांचं विचारलं तर म्हणाले,
आमच्या गणिताच्या पुस्तकाची शेवटची पानं,
उत्तरांची, कोणीतरी आधीच फाडलेली असायची.
मग?
मग काय. गणितं सोडवली.
वस्तरा पट्ट्यावर दोनदा फिरवला.
बरोबर की चूक, विचारणार कोणाला?
सगळ्यांचं एकच उत्तर येईपर्यंत
उठायचं नाही, असा नियम केला.
कधीकधी अंधार पडायचा.
एकदा सगळ्यांचंच चुकलं होतं,
ते मला चाळीस वर्षांनी कळलं.
एवढं बोलून ते इतके हसले
की खुर्चीतल्या माणसाने मान आवरून धरली.

घरी येऊन प्रश्न लिहायला घेतले.
लेखिकेने शेवटी आपलं नाव कुठे लिहिलं?
एका वाक्यात उत्तर द्या. दोन गुण.

नकाशात लिहिलं. आखाताच्या निळ्यात,
जिथे गाव छापलेलं नव्हतं,
कोणाचं कुंपण नव्हतं, रकाना नव्हता.
बारीक अक्षरात, पेन्सिलीने,
पुढच्या कोणीतरी खोडलं तर खोडता यावं म्हणून
नव्हे. घरात शाई नव्हती म्हणून.
हे एक वाक्य नाही. दोन गुण जाऊ देत.

मग पुस्तक मिटताना दिसलं:
हेही शाळेचंच. पुठ्ठ्याच्या आत तोच रकाना.
गेल्या वर्षी तेरेल गॅडिस. त्याआधी
कोणी ब्रायनी हॉलोवे, तिने आयच्या डोक्यावर
टिंबाऐवजी फूल काढलंय.
तिसरी ओळ रिकामी होती.
मी नाव लिहिलं. वर्ष लिहिलं.

स्थितीपाशी पेन टेकवून बसले.
शाईचा ठिपका मोठा होत गेला.
आई खालून दोनदा हाक मारून गेली,
जेवण निवतंय म्हणून.