साडेसतरा साखळ्या

मुनाफ परकारने पोऱ्याकरवी निरोप धाडला,
काकांना सांग, साखळी घेऊन या.
नगर भूमापनात चौतीस वर्षं ओढली मी ती,
निवृत्त झालो तेव्हा कुणी परत मागितली नाही.
माळ्यावर होती गोणपाटात, शंभर कड्यांची,
सहा-सात गंजलेल्या.

शिवडीला, गोदीच्या मेलेल्या गोदामांमागे
एक रस्ता आहे, सुतात धरल्यासारखा.
या टोकाला बंद पडलेला वजनकाटा,
त्या टोकाला बंदराच्या रुळांचं फाटक,
कायमचं लागलेलं.
पहाटे साडेचारला तिथे पाच गाड्या, नऊ पोरं,
आणि पाताड्यांची उन्नती,
वडिलांच्या आरएक्स हंड्रेडवर, वडिलांना न सांगता.

"चारशे दोन मीटर आखा," ब्लेझ म्हणाला,
"तिकडे तेवढंच असतं."
तिकडे म्हणजे कुठे, ते त्याने हाताने दाखवलं खाडीपलीकडे.
खाडीपलीकडे न्हावाशेवा आहे.

चारशे दोन म्हणजे पाव मैल,
पाव मैल म्हणजे वीस साखळ्या,
आणि साखळी म्हणजे बावीस यार्ड,
म्हणजे तुमची खेळपट्टीच की रे, स्टंप ते स्टंप!
पोरं गप्प झाली. मनातल्या मनात
वीस खेळपट्ट्या एकीपुढे एक अंथरू लागली.

मुनाफ पुढे, मी मागे.
टॉर्चच्या उजेडात खिळा, ओढ, ताण, खिळा.
फाटकाला हात लागला तेव्हा आकडा झाला
साडेसतरा.

"मग फाटकापर्यंतच ठेवू," कुणीतरी म्हणालं.
थांबणार कुठे?
हा प्रश्न मी जरा मोठ्यानेच विचारला असावा.
गोदामाच्या पत्र्यावरचं कबुतर उडालं.

बाबांनो, शर्यतीची लांबी शर्यत ठरवत नाही.
तिच्यापुढचा रस्ता ठरवतो.
जिथे पुढे मोकळं रान, तिथे पाव मैल.
जिथे भिंत, नाला, कुणाचं शेत,
तिथे त्याच्या निम्मं.
आणि सगळ्यात दांडग्या, आग ओकणाऱ्या गाड्यांसाठी
हजार फूट, गोल आकडा,
तो काही गोल दिसतो म्हणून निवडलेला नाही.
एकजण रेघेपलीकडे गेला आणि थांबलाच नाही.
आपल्याकडे माणसाच्या नावे चौक होतो,
तिकडे त्याच्यामागे
तीनशेवीस फूट वजा झाले.

ब्लेझने हेल्मेट काढून पुन्हा घातलं.

भूमापकाकडे खिळे दहाच असतात.
दहा साखळ्या मोजल्या की हात रिकामा,
त्याला फर्लांग म्हणायचं.
बैलजोडी न थांबता एका दमात
जेवढा तास ओढते, तेवढा तो,
असं माझे साहेब सांगत.
खरं-खोटं बैल जाणोत.
मी दहाव्या खिळ्यापाशी चुन्याची रेघ मारली.
"निम्मंच?" "निम्मंच."
थोडी कुरकुर झाली. ती होऊ दिली.

मुनाफने खिशातला मळका रुमाल वर धरला.
दोन गाड्या. निळसर धूर. दुधावर साय यावी तसा
रस्त्यावर धुराचा पापुद्रा,
आणि मग नुसता आवाज, जो लांब जाताना बारीक होतो
पण कमी होत नाही.
अकरा सेकंद. उन्नती पुढे, टायरभर.

मागचा दिवा लाल पेटला, पेटलेलाच राहिला.
मी फाटकाकडे बघत नव्हतो, असं सांगेन विचारलं कुणी तर.

ती गाडी ढकलत परत आली. ओठ हलत होते.
वाटलं, देवाचं नाव घेतेय.
रेघेवर पाय ठेवून म्हणाली,
"साडेचार, काका. साडेचार खेळपट्ट्या लागल्या थांबायला.
पावलांनी मोजल्या."

वहीत लिहून घेतलं:
धावायला दहा. थांबायला साडेचार.
उरल्या तीन.
त्या कुठल्या रकान्यात टाकायच्या
ते माझ्या खात्याने कधी शिकवलं नाही.
पेन्सिल कानावर ठेवली
आणि साखळी गोळा करायला लागलो, कडी कडी.
ब्लेझ दुसरं टोक धरून होता,
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.