दुसरा हप्ता

जिल्ह्याहून पत्र आलं चोवीस मार्चला:
किमान दहा बेघर दाखवा,
रात्री अकरा ते चार, प्रत्यक्ष पाहून, सही-अंगठ्यासह,
नाहीतर निवाऱ्याचा दुसरा हप्ता
एकतीसच्या रात्री आल्या वाटेने परत.

पहिल्या हप्त्यात आम्ही पाटी केली.
पाटी छानच झाली.
लोखंडी खाटा दहा, मच्छरदाण्या दहा
अजून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत.
काळजीवाहकाचं मानधन 'प्रस्तावित',
म्हणून दाराला कुलूप
आणि चावी माझ्या ड्रॉवरमध्ये, टाचण्यांच्या डबीत.

लवू शिपाई टॉर्च धरतो, मी पॅड.
"बाईनू, ह्या येळार लोकांच्या तोंडार बॅटरी मारतत
ते एक पोलीस, नायतर आमी."
वेंगुर्ल्याच्या स्टँडवर सहा जण,
त्यातला एक म्हणतो, मला सकाळची गाडी आहे,
तीन वर्षं त्याची सकाळची गाडी आहे.
मासळी बाजाराच्या ओट्यावर दोन नेपाळी पोरं,
तापात तांडेलाने उतरवलेली. ट्रॉलर पुढे गेला.
ओट्याला पाणी मारलं तरी वास जात नाही,
पोरं पाण्याच्या ओलीतच निजलेली.
इनास बंद दुकानाच्या पायरीवर.
बोटीवर कुक होता. अंगठा नको म्हणाला,
वळणदार सही केली, खाली तारीख घातली,
आणि विचारलं, साल बरोबर आहे ना?

नऊ झाले.

बंदरावर वर ओढलेल्या होडीत,
झापाखाली, द्वारका गिरप.
मी नाव विचारलं, तिने सांगितलं.
मी रकाना वाचला, तशी ती उठूनच बसली.
"बेघर? कोण बेघर?
थय बघ, लाईट पेटता ना, ता माजा घर.
चिरो न् चिरो डोक्यार हाडलंय मी.
आता झिलाच्या नावार असा, पन घर माजा."
मग हातातला कागद बघून, जरा मऊ होऊन,
"लिवचाच असात तर लिव,
वाऱ्याक इल्लंय."

नमुन्यात वाऱ्याला रकाना नाही.
लवू माझ्या कानाशी आला: निजली की अंगठो घेवया.
शाईचा डबा उघडाच होता,
माझी तीन बोटं निळी झालेली.
दोन लाख चाळीस हजार.
मी दिव्याकडे पाहिलं, तिच्या त्या घराच्या.
कोणीतरी तो विझवला.

काय सुचलं कुणास ठाऊक, मी म्हटलं,
आजी, निवाऱ्यात उंदीर झालेत,
नव्या मच्छरदाण्या कुरतडतात.
कुणीतरी राखणीला पाहिजे.
"राखणीक?"
हो.
"पैसे?"
प्रस्तावित आहेत.
ती बराच वेळ गप्प. मग
"मांजर घेवन येतंय."

हप्ता परत गेला, नऊ म्हणजे नऊ.
मुख्याधिकारी म्हणाले, एका माणसासाठी, मॅडम,
एका माणसासाठी.
मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दार मात्र उघडं राहिलं.
इनासने कोपऱ्यातली खाट धरली,
पोरांनी जमिनीवर चटई टाकली, खाटेवर कपडे वाळत घातले.
सकाळच्या गाडीवाला एकदाच आला,
पंखा आवाज करतो म्हणून परत स्टँडवर गेला.
द्वारका उंबऱ्यात निजते, खाटांकडे पाठ करून,
मांजर पोटाशी.
एकदा खाट दाखवली तर म्हणाली,
"खाटेर निजाक मी काय बेघर?"

जूनमध्ये लेखापरीक्षकांचा आक्षेप:
योजना बंद, लाभार्थी शून्य,
तरी वीज एकशे बारा युनिट.
सात दिवसांत खुलासा करावा.

उंदीर लिहिलं, खोडलं.
राखण लिहिलं, तेही खोडलं, कारण राखणीला मंजुरी नाही.
मग बराच वेळ लेखणी धरून बसले.
कागद ड्रॉवरमध्ये ठेवला,
चावी असायची तिथे.