रक्तपेढीची गाडी

लिलावात मिळाली. एक लाख चाळीस हजार.
सहापैकी दोन टायर बरे, आरसा एकच,
आणि पाठीवर परातीएवढा लाल थेंब.
विश्राम म्हणाला, रंग मारला की जाईल.

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनसमागे, भिंतीच्या कडेला,
महिना अठराशे भाड्यानं ती उभी राहिली
आणि आमचे रविवार तिचे झाले.

आधी सगळं उपटलं.
चार निळ्या खुर्च्या, ज्यांच्यावर आडवी होऊन
माणसं छताकडे बघत मुठी मिटत-उघडत असणार.
फ्रिजचा सांगाडा. बिस्किटांचा भुगा.
रेक्झिनखाली पत्रा, पत्र्याखाली गंज,
गंजात शाल्मलीनं बोट घातलं, ते आरपार गेलं.
"आई, खालून वडाळा दिसतोय."
बदरुद्दीन वेल्डर हसला:
ही गाडी नाही ताई, चाळण आहे.

मापांसाठी घरातल्या फरशीवर
खडूनं गाडी काढली, बारा फूट बाय सहा.
आमची खोली बारा बाय दहा.
उरलेल्या पट्टीत कपाट, देव्हारा आणि सासूबाई.
आठ दिवस आम्ही रेषेच्या आत राहिलो,
आतच जेवलो, आतच भांडलो.
रेषेबाहेर पाय गेला की कैवल्य ओरडायचा,
"पप्पा, रस्त्यावर आहात! हॉर्न, हॉर्न!"
सासूबाई बाहेरून गवार मोडत म्हणाल्या,
"याच खोलीत मी चार पोरं वाढवली,
वर गावाहून आलेले दोघं.
त्याला कुणी प्रवास नाही म्हटलं."

दारूखान्यात मोडलेल्या जहाजाची
गोल खिडकी मिळाली, पितळी, अकरा किलो.
एवढ्या पैशात शेगडी आली असती, मी म्हटलं.
समुद्र बघितलेली खिडकी आहे, तो म्हणाला.
मग तिला चहा टाकायला सांग.
दोन दिवस अबोला.
तिसऱ्या दिवशी शेगडी आली. एका बर्नरची,
तीही कुणीतरी वापरलेली.

आरटीओत विचारलं, वाहनाचा उपयोग काय?
विश्राम म्हणाला, राहणं.
असा रकाना नाही, पुढचा या.

लोकांना आम्ही सांगतो, मुलांना देश दाखवायचाय.
खरं आहे ते.
मार्चमध्ये त्याची लॅब बंद पडली,
त्यानंतर तो रोज सकाळी पावणेआठला
डबा घेऊन कुठंतरी जायचा
आणि डबा रिकामा आणायचा,
हे आम्ही सांगत नाही.
आता त्याच्या नखांत एम-सील असतं.
रात्री घोरतो पुन्हा.

थेंब मात्र हटेना.
तीन हात रंग दिला, तरी उन्हात
आतून गुलाबी होऊन वर यायचा.
चौथ्या हाताचा डबा मी उघडत होते,
तेव्हा दारावर टकटक.
इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी.
"आज कॅम्प आहे ना?"
म्हणत त्यांनी बाही गुंडाळायला घेतली सुद्धा.

चौतीस वेळा दिलंय, म्हणाले, याच गाडीत.
पासष्टीनंतर घेत नाहीत.
पण विचारायला काय.

शेगडी पहिल्यांदा पेटली ती त्यांच्यासाठी.
चहाबरोबर मी ग्लुकोजची बिस्किटं ठेवली
आणि ठेवल्यावर माझं मलाच हसू आलं.
ते प्लायवूडवर बसले, नेमके डावीकडे,
जिथं खुर्चीच्या बोल्टांची भोकं आम्ही बुजवली होती.
कप एका हातात. दुसऱ्या हाताची मूठ
मिटत होती, उघडत होती,
त्यांना ते ठाऊक नसावं.
"इथं पंखा होता," वर बोट दाखवून म्हणाले,
"पडल्यावर वारा थेट कपाळावर यायचा."
गोल खिडकीबद्दल काहीच बोलले नाहीत.
विश्राम जरा खट्टू झाला.

ते गेल्यावर त्यानं छतावर
पेन्सिलनं फुली मारली.
शाल्मली खाली उताणी पडून बघत होती.
"थोडी अजून डावीकडे," म्हणाली.
"अजून.
हां."