रक्ताचं पाणी

डानाकिलच्या खोलगटात, समुद्राच्याही खाली साठ पुरुष,
कादाफो मीठ तासतो.
पहाटेपासून ऐंशी लाद्या. आता ऊन डोळ्यांत शिरलंय
आणि घाम दिसत नाही,
सुटतो तसा उडतो,
मागे कानशिलावर नुसती पांढरी रेघ,
कुणी खडूने माप घेतल्यासारखी.

माप आतही कुणी घेतं.
मेंदूच्या तळाला चिमूटभर पेशी;
रक्त केसभर खारट झालं
की त्या सुरकुततात
आणि तेवढ्यावर निरोप सुटतो:
दार ओढून घ्या.
मग मूत्रपिंडं, एरवी शंभर घागरी गाळून
नव्व्याण्णव परत देणारी,
शेवटच्या घागरीवरही हात ठेवतात.
संध्याकाळी तो खडकाआड बसतो तेव्हा
दोन घोटांएवढं. रंग काळ्या चहाचा.

"रक्ताचं पाणी केलं त्यांनी"
असं आपण म्हणतो, हार घातलेल्या फोटोपुढे.
इथे शरीर उलटं वागतं,
पाणी राखून राखून त्याचं रक्त ठेवतं.

वाकस निसटतो.
अंगठ्याच्या मुळाशी लाल तोंड उघडतं.
यायो धावतो, घट्ट दाबून धरतो, आणि दोघं
काही न बोलता उंटांकडे बघत राहतात.
आतलं त्यांना दिसत नाही:
शिरेने अंग चोरलं,
वाटेने निघालेल्या चकत्या काठाशी थबकल्या,
चिकटल्या, मागच्यांना हाका घातल्या,
झोपलेल्यांना एकेक करून उठवत गेलं कुणी
आणि धागा पडला, धाग्यावर धागा,
जाळ्यात लाल पेशी अडकल्या.

जखमेवर मीठ चोळू नये म्हणतात.
इथे वाराच खारा.

सात मिनिटं. थांबलं.

यायो मात्र हात सोडत नाही.
त्याला हुमाद आठवतो, थोरला;
बेराहिलेच्या वाटेवर तापाने पडलेला,
तीन दिवस कूस न बदललेला,
कातडी पिशवीत पाणी नाही, पोटरी दगड.
त्याला कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं
तरी रक्ताने गाठ मारली
आणि ती गाठ चालत वर गेली, छातीपर्यंत.
जागा चुकली, बाकी काम तेच.

डाग पडलेली लादी व्यापारी घेत नाही.
"ही तुझी," म्हणतो, पुढची मोजतो.
कादाफो ती घरी नेऊन दाराशी टाकतो.
शेळ्या येतात.
लाल ठिपक्यापाशी एक जरा थबकते, हुंगते,
मग चाटत राहते.