अर्धा गुण

साउथ शील्ड्सच्या धक्क्यावरून संध्याकाळची फेरी,
मांडीवर नववीच्या अठ्ठावीस वह्या, बोटांना लाल शाई.
लेटननं लिहिलंय: बारा न्यूटन.
बरोबर आहे. पण कुठल्या बाजूला?
मी अर्धा गुण कापते,
समासात लिहिते: बाण कुठाय?

सकाळी तो भांडलाच होता.
"मिस, बारा म्हणजे बारा.
माझ्या आजोबांनी तीस वर्षं गोदीत दोर ओढले,
कुणी विचारलं नाही, कुठल्या दिशेला."
वर्ग हसला. मीही हसले.
उत्तर काही सुचलं नाही.

फेरी सुटते.
ओहोटी लागलीय, टाइन समुद्राकडे घाईनं निघालेली,
म्हणून कप्तान नाक वळवतो वरच्या अंगाला,
न्यूकासलकडे, जिथे आमच्यापैकी कुणालाच जायचं नाही,
आणि बोट खेकड्यासारखी तिरपी तिरपी
नेमकी समोर निघते.
फळ्यावर हे मी शंभरदा काढलंय:
एक बाण यंत्राचा, एक पाण्याचा,
चौकोन पुरा करा, कर्ण काढा.
फळ्यावरचं पाणी गार नसतं, एवढाच फरक.

इथल्या पुस्तकात शब्द आहे डिस्प्लेसमेंट.
मी शिकले तो विस्थापन.
सातवीत मोठ्यानं पाठ करत होते,
पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचं
सरळ रेषेतलं अंतर,
आणि दादा सायकलची चेन बसवता बसवता थांबले.
"सरळ रेषेतलं?"
ग्रीसचे हात तसेच हवेत धरून म्हणाले,
"हे कुणी मोजलं?"

आम्ही धरणातली माणसं.
ट्रकनं दीड दिवस, मग माळावरचं गावठाण,
प्लॉट नंबर सदुसष्ट,
जुन्याच नावामागे 'नवे' लावून झालेलं गाव.
सरकारी कागदावर आकडे सगळे होते:
हेक्टर, आर, रुपये,
आंबे तीन, फणस एक.
बाण कुठेच नव्हता.
दादा मात्र जेवायला बसताना
पश्चिमेला तोंड करून बसायचे, कोऱ्या भिंतीकडे.
मला वाटायचं, पंख्याचा वारा तिकडून बरा लागत असेल.

रोज ही नदी ओलांडते, रोज परत येते.
लेटनसुद्धा सांगेल: अंतर आठशे मीटर, विस्थापन शून्य.
पैकीच्या पैकी.
बाणाचं शेपूट मात्र पहिल्या जागेवर ठेवायचं असतं,
आणि ती जागा आहे चाळीस मीटर पाण्याखाली;
कडक उन्हाळ्यात चिंचेचं खोड वर येतं म्हणतात,
मी पाहिलं नाही.
टोक इथे, नॉर्थ शील्ड्सला,
मासळीबाजारामागच्या भाड्याच्या खोलीत.
मधली रेघ अजून काढायचीच आहे.
पट्टी पुरत नाही, असं स्वतःला सांगते.

धक्का आला. टेरेन्स दोर फेकतो,
खुंट्याला तीन वेढे घालतो
आणि दोन बोटांत धरून ठेवतो अख्खी बोट.
"जोर लागतच नाही, बाई. वेढे लागतात.
मी आपला नुसता धरून उभा."

उतरायच्या आधी लेटनची वही पुन्हा उघडते.
अर्धा गुण परत देत नाही.
'बाण कुठाय'च्या खाली, बारीक अक्षरात:
आजोबांना विचार,
दोर ओढताना त्यांचं तोंड कुणीकडे असायचं?