दोन घरचा पाहुणा

उदगीरला, देगलूर रस्त्यावर
भरतकामाच्या दुकानात एक कॉम्प्युटर आहे,
त्याच्या पोटात आणखी एक.
बाहेरचा नवा. आतला जुना विंडोज,
कारण वेलबुट्टीचं सॉफ्टवेअर
त्याच्याशिवाय कुणाशी बोलत नाही.

मेहजबीन आपा आतल्याला पाहुणा म्हणतात.
पुस्तकातही तेच नाव आहे, हे त्यांना ठाऊक नाही.

पेनड्राइव्ह लावला की
बाहेरचा म्हणे माझा, आतला म्हणे माझा,
आणि डिझाइन कुणालाच दिसेना.
दोन घरचा पाहुणा उपाशी.
गिऱ्हाईक स्टुलावर,
मशीन बारा सुया वर करून ताटकळलेली,
आणि मी माऊस घेऊन
याच्या खिशातून काढ, त्याच्या खिशात घाल,
दिवसातून चाळीस वेळा.

मग एका रात्री इन्व्हर्टरच्या जोरावर बसलो.
बाहेरच्याला बजावलं:
तू फक्त दार उघड.
नाव विचारू नको, ताट वाढू नको.
आतल्यासाठी लिहिलं अठरा ओळींचं स्क्रिप्ट:
दर दोन सेकंदाला उंबऱ्याकडं बघ.
कुणी आलंय? नंबर वाच.
ओळखीचा असला तर त्याच्या नावाचं फोल्डर उघडून ठेव.
अनोळखी असला तर आधी व्हायरस तपास,
मग पाणी विचार.

"झोपलालास का न्हाई रे?" आपा वरून ओरडल्या.
तिसाव्या खेपेला चाललं.

यादी वाढत गेली.
निलंग्याची अनुसया, ब्लाउजच्या पाठीवरचे मोर.
जळकोटच्या शाळेचे बिल्ले.
आणि टोपण हरवलेला, चिकटपट्टी गुंडाळलेला
कासिनाथ टेलर, हंडरगुळी.
त्याच्यासाठी एक ओळ जास्तीची,
कारण त्याचा ड्राइव्ह पहिल्या हाकेला ओ देत नसे:
तीन सेकंद थांब, पुन्हा बघ.

दिवाळीनंतर कासिनाथ आला नाही.
कळलं होतं.
ओळ तशीच राहिली. खोडायला सवड मिळाली नाही म्हणा.

काल दुपारी मी पाठमोरा, बॉबिन भरत होतो.
काउंटरवरून कुणीतरी विचारलं, इथंच लावू का?
लावा म्हटलं.
एक. दोन.
तीन.
पडद्यावर फोल्डर उघडलं: कासिनाथ.
आत शेरवानीच्या गळ्याची वेल, अर्धी.

मी वळलो तोवर
मशीननं ओळखलेलं होतं.
सोळा-सतराची पोरगी,
गळ्यात टेप, कपाळ थेट त्याचंच.
"ही पुरी होईल का?"

दिवेलागणीला झाली.
तिनं ड्राइव्हला हात घातला, म्हटलं, थांब.
असं मधूनच उठून जायचं नसतं.
कुठं दाबायचं ते दाखवलं.
आपल्यात जातो म्हणत नाहीत,
येतो म्हणतात.
बारका दिवा विझला, मग तिनं काढला.

रात्री स्क्रिप्ट उघडलं.
नंबर तोच. तीन सेकंदही तेच असू दे.
नाव तेवढं बदलावं म्हणून खोडलं,
आणि कर्सर लुकलुकत राहिला.
तिचं नाव
मी विचारलंच नव्हतं.